प्रकल्प नोंदी: भाला किती अवघड ठेवायचा

२ जून

आम्ही बनवतोय त्या ऑनलाइन गेममधलं लूटचं काम (राक्षस मेल्यावर खेळाडूला काय मिळायचं ते) आजपासून हातात घेतलं. लढाई बऱ्यापैकी बसलीये, पहिले तीन इलाके सलग खेळता येतात, बॉस, म्हणजे मोठे राक्षस, मरतात (कधीकधी हात न लावताही मरतात, तो बग वेगळ्या यादीत आहे), पण मेल्यावर काय पडायचं त्याचं टेबल अजून तात्पुरतंच आहे. टेस्टिंगला सोपं जावं म्हणून सगळ्याला पडायची शक्यता सरसकट १० टक्के लावून ठेवलीये. परिणाम असा की टेस्टर मंडळींकडे सगळं आहे आणि कुणाला कशाचं काहीच वाटत नाही.

आता पहिलं दुर्मिळ हत्यार ठरवायचंय. भाला आहे, नाव अजून नाही, म्हणून सगळे नुसतं भाला म्हणतात. चौथ्या इलाक्यातल्या शेवटच्या बॉसकडून मिळणार एवढं नक्की. किती अवघड मिळणार यावर आजच्या कॉलचा बराच वेळ गेला. सर्व्हर सांभाळणारा म्हणतो हजारात एकाकडे असावा, कुणाच्या पाठीवर दिसला की बाकीचे थबकले पाहिजेत. आर्ट करणारी म्हणते मी त्याच्या अ‍ॅनिमेशनवर इतकी घासणार आणि तो हजारात एकालाच चालवायला मिळणार असेल तर साधी काठी काढून देते, चालेल का? मला दोघांचंही पटतं आणि तिथेच घोडं अडलंय.

५ जून

आकडे लावायच्या आधी जुन्या गेम्सनी काय काय केलं ते एका जागी लिहून काढतोय, कारण अवघड म्हणताना प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच काहीतरी असतं आणि मग कॉलवर आम्ही एकमेकांच्या डोक्यावरून बोलत राहतो.

एव्हरक्वेस्ट, १९९९. तिथे अवघड म्हणजे मुख्यतः ताटकळणं. दुर्मिळ राक्षस ठरलेल्या जागी कधीतरी उगवणार, तिथे ठाण मांडून बसायचं, आणि अख्ख्या सर्व्हरला मिळून तो एकच असल्यामुळे बसणाऱ्यांची रांग. क्लेरिकच्या (बाकीच्यांना बरं करणाऱ्या पात्राच्या) एपिक हत्यारासाठी लागणारा रेजफायर हा राक्षस यासाठी चांगलाच बदनाम होता. यात हाताचं कसब जवळजवळ लागतच नाही, ज्याच्याकडे मोकळा वेळ जास्त त्याचं हत्यार.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, २००४. थंडरफ्युरी तलवार. मोल्टन कोअरमधल्या दोन बॉसकडून, गॅर आणि बॅरन गेडन, एकेक बाइंडिंग (तलवारीसाठी लागणारा भाग) पडायला हवं, प्रत्येकाचा ड्रॉप रेट, म्हणजे पडायची शक्यता, ४ टक्क्यांच्या आसपास, रेड (मोठ्या ग्रुपने लढायची मोहीम) ४० जणांची आणि आठवड्याला एकदाच. मी हिशोब करून बघितला, ४ टक्के धरले तर दोन्ही पडायला सरासरी ३७ आठवडे लागतात, आणि त्यावर रॅग्नारोसचा इसेन्स आणि एलिमेंटियमच्या १० कांड्या आहेतच. एवढं सगळं ४० जणांनी मिळून करायचं आणि तलवार जाणार एकाच्या हातात. म्हणजे यात नशीब आहे, वेळ आहे, पण खरी किंमत माणसं सांभाळण्याची आहे. कुणाला द्यायची यावर गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या गटात) भांडणं, आणि ज्याला दिली तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या गिल्डमध्ये गेला की झालंच.

ओल्ड स्कूल रूनस्केपमधला अबिसल व्हिप (चाबूक) याच्या अगदी उलट. अबिसल डेमन मारत बसायचं, दर वेळी ५१२ ला १ चान्स, एकट्याने, कुणाला विचारायची गरज नाही. आकडा सगळ्यांना माहीत.

आणि दुसऱ्या टोकाला फायनल फँटसी १४ च्या अल्टिमेट लढाया, पहिली २०१७ मध्ये आली. आठ जण लागतात, बॉस मेला की प्रत्येकाला टोकन मिळतं आणि टोकन देऊन हत्यार घ्यायचं. नशिबाचा संबंधच नाही. पण ती लढाई इतकी लांब आणि इतकी काटेकोर आहे की चांगल्या चांगल्या ग्रुपना ती नुसती पाठ व्हायला आठवडेच्या आठवडे जातात.

तर वेळ, नशीब, माणसं आणि कसब. चारही ठिकाणी खेळाडू ‘अवघड होतं यार’ असंच म्हणतो, पण मिळाल्यानंतर त्याला त्या हत्याराबद्दल जे वाटतं ते चारही ठिकाणी वेगळं असणार. आपल्याला भाल्यासाठी यातलं काय वसूल करायचंय ते आधी ठरवू, टक्के नंतर.

६ जून

सर्व्हरवाल्याचं उत्तर आलं: ‘चारही.’ ठीक आहे.

९ जून

हजारात एक या मागणीचा हिशोब आज पूर्ण केला, आणि हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतोय म्हणून सविस्तर लिहितो.

समजा ड्रॉप रेट खरोखर १००० ला १ ठेवला. आपला खेळाडू आठवड्यात तो बॉस २० वेळा मारतो असं धरू, जे आवडीने खेळणाऱ्यासाठी जास्त नाहीये. वर्षभरात १०४० वेळा झालं. इतक्या प्रयत्नांत किमान एकदा भाला पडायची शक्यता ६५ टक्के. म्हणजे वर्षभर टिकलेल्या लोकांत दर तिघातल्या दोघांकडे भाला आहे, आणि तिसऱ्याने तेवढाच घाम गाळलाय पण त्याच्याकडे नाही. याला दुर्मिळ कसं म्हणायचं? ड्रॉप रेटने फक्त पसरण्याचा वेग ठरतो, शेवटी किती जणांकडे असणार ते ठरत नाही. सर्व्हर जितका जुना होत जाईल तितका भाला कॉमन होत जाणार, आणि मधल्या काळात जे कंटाळून सोडून जातील त्यांच्यामुळे टक्केवारी अजून वर जाईल, कारण ज्यांना मिळालं नाही तेच सोडून जातात ना.

खरंच हजारात एक ठेवायचं असेल तर मार्ग दोनच आहेत. एक म्हणजे मोजून तेवढेच भाले काढायचे किंवा ठराविक मुदतीतच द्यायचे, जे मला अजिबात आवडत नाही कारण उशिरा आलेल्याला दार कायमचं बंद. नाहीतर अशी लढाई ठेवायची की जी हजारातल्या एकालाच जमते. दुसऱ्यात किमान उशिरा आलेला माणूस प्रयत्न तरी करू शकतो.

हे ग्रुपवर टाकलं. सर्व्हरवाल्याने स्वतः स्प्रेडशीट करून बघितली आणि ६४.७ आलं म्हणून कळवलं. भांडण निम्मं मिटलं.

१० जून

आज लूटचं काही केलं नाही. हात न लावता मरणारा बॉस सापडला, विषाचा डॅमेज रीस्टार्टनंतर पण चालूच राहत होता.

१४ जून

आता सरळ १ टक्का घेऊन बघू. बॉसची एक फेरी साधारण १२ मिनिटांची, म्हणजे १०० फेऱ्या म्हणजे २० तास खेळ. सरासरी २० तासांत भाला, ऐकायला ठीक वाटतं. पण सरासरी हा भयंकर फसवा प्रकार आहे इथे. १ टक्का रेट आणि १०० प्रयत्न, तरीही ३६.६ टक्के लोक रिकाम्या हाताने बसलेले असतात. निम्म्या लोकांना ६९ प्रयत्नांतच मिळून जातो, पण शेपूट इतकी लांब आहे की ९० टक्के लोकांना मिळेपर्यंत २३० प्रयत्न होतात आणि ९९ टक्क्यांना मिळेपर्यंत ४५९. ४५९ फेऱ्या म्हणजे ९० तासांच्या वर एकाच बॉसची तीच तीच वाक्यं ऐकायची. आणि एवढं करून शंभरातला एक उरतोच. दहा हजार खेळाडू असले तर ते शंभर जण आहेत, आणि सगळ्यात जास्त बोलणार तेच, बोलणारच, त्यांचं चुकीचं काय आहे?

म्हणून शेपूट कापायचे तीन प्रकार कोडमध्ये टाकून एक लाख खोट्या खेळाडूंवर चालवले. तिन्हीत सरासरी १०० च्या जवळ राहील असं बघितलं म्हणजे तुलना सरळ होते.

पहिला म्हणजे सरळ पिटी (अभागी लोकांसाठी हमी), १०० प्रयत्न झाले की हातात ठेवायचा. यात एक गंमत आहे जी सुरुवातीला लक्षात येत नाही. रेट १ टक्काच ठेवून नुसती १०० ची पिटी लावली तर सरासरी ६३ वर येते, म्हणजे खरा रेट दीड टक्क्याच्या वर गेला. सरासरी १०० ठेवायची तर मूळ रेट कमी करायचा आणि पिटीही लांब न्यायची. शिवाय शंभरावर भिंत असली की ९० च्या पुढचा माणूस खेळत नसतो, हजेरी लावत असतो.

दुसरा म्हणजे चढता चान्स. पहिल्या प्रयत्नाला ०.०१५७ टक्के, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट, तिसऱ्याला तिप्पट, असं वाढत जायचं. डोटा २ मध्ये क्रिटिकल (मधूनच बसणारा जास्त जोराचा वार) वगैरेसाठी अशाच पद्धतीचा रँडम वापरतात, तिथे स्क्रीनवर २५ टक्के लिहिलेलं असलं तरी पहिल्या वाराचा खरा चान्स साडेआठ टक्केच असतो आणि मग तो वाढत जातो. आपल्या आकड्यांत निम्म्यांना ९४ पर्यंत, ९० टक्क्यांना १७१ पर्यंत आणि ९९ टक्क्यांना २४२ पर्यंत मिळतो. ४५९ चे २४२, म्हणजे शेपूट जवळपास अर्धी.

तिसरा म्हणजे तुकडे. भाल्याचे तीन भाग, प्रत्येक ३ टक्क्याने पडणार, कुठलाही पडला की पुढचा मोजला जाणार. सरासरी तीच १०० पण ९० टक्के लोक १७५ च्या आसपास मोकळे होतात आणि ९९ टक्के २८० च्या आत. इथे फक्त एक काळजी घ्यायची, तीन वेगवेगळे भाग आणि कुठला पडेल ते पण रँडम असं करायचं नाही, कारण मग दोन भाग दहा दहा वेळा मिळतात आणि तिसरा मिळता मिळत नाही. वॉरक्राफ्टमधल्या शॅडोमोर्न कुऱ्हाडीला एका टप्प्यावर ५० शार्ड (तुकडे) लागायचे, इतके भाग केले की नशीब जवळजवळ संपतं आणि उरते ती मजुरी.

१५ जून

तुकड्यांचा मोठा फायदा आकड्यांत दिसत नाही. खेळाडूला दिसतं की काहीतरी झालं. आठवडाभर खेळून एक तुकडा हाती लागलेला माणूस आणि आठवडाभर खेळून काहीच नसलेला माणूस, गणितात दोघं जवळजवळ सारखे असतील पण दुसरा अनइन्स्टॉल करतो.

१७ जून

आर्टवाली आणि सर्व्हरवाला पहिल्यांदाच एका बाजूला आणि मी दुसऱ्या. चढत्या चान्सवर दोघांचा आक्षेप एकच, की पहिल्याच फेरीत भाला पडल्याची गोष्ट मेली. सरळ १ टक्क्यात पहिल्या दहा प्रयत्नांत साडेनऊ टक्के लोकांना मिळतो. चढत्या चान्समध्ये एक टक्क्यालाही नाही, आणि तीन तुकड्यांत तर हजारात जेमतेम तिघांना. आणि खरं आहे, मित्राला पहिल्याच दिवशी पडला आणि मी अजून मारतोच आहे, या किश्श्यावर गेम जिवंत राहतो. दोस्ताला शिव्या घालत अजून एक फेरी मारणं ही पण मजाच आहे, तोपर्यंत, जोपर्यंत आपलाही नंबर कधीतरी लागणार हे माहीत असतं.

मग मधला रस्ता काढला. पहिले १०० प्रयत्न सपाट ०.७ टक्के. त्यानंतर प्रत्येक प्रयत्नाला ०.०५ ची वाढ. चालवून बघितलं तर सरासरी ९४ च्या आसपास, ९० टक्के लोक १६७ पर्यंत, ९९ टक्के २१० पर्यंत, आणि पहिल्या दहात मिळणारे ६.८ टक्के. नशीबवान लोक शिल्लक राहिले आणि अभागी लोकांना आधार मिळाला. मला हे आवडलंय, त्या दोघांनाही. वॉरक्राफ्टने २०२३ मध्ये फिरालाथ कुऱ्हाडीला असंच काहीतरी केलं होतं, नाही पडली की त्याबदल्यात मिळणाऱ्या वस्तूने पुढचा चान्स वाढायचा.

२१ जून

मोजणी खेळाडूला दाखवायची की लपवायची? लपवली तर कुणाचाच विश्वास बसत नाही, आणि लोक स्वतःच्या मनाने थिअरी बनवतात, की रात्री बारानंतर रेट वाढतो, की चॅनल बदलून मारलं की पडतं. दाखवली तर ७० वर असलेला माणूस म्हणतो आता भाला १०० नंतरच पडणार. शेवटी ठरलं, आकडा न दाखवता बॉसच्या हातातल्या भाल्यावर तडे दाखवायचे, जितके प्रयत्न जास्त तितके तडे. आर्टचं काम वाढलं. ती नाही म्हणाली नाही, बहुतेक आवडलंय.

२६ जून

बाजार. याच्यावर लिहायचं टाळत होतो.

भाला विकता येणार का? विकता येत असेल तर आतापर्यंतचं सगळं गणित एका बाजूला ठेवा, कारण मग तो बॉस मारायची गरजच नाही, सोनं जमवायचं. आणि सोनं जमवायची सगळ्यात सोपी जागा कुठली असेल तर ती सगळ्यात कंटाळवाणी जागा, जिथे बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) दिवसरात्र उभे असतात. डायब्लो ३ चं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. २०१२ मध्ये गेम ऑक्शन हाऊससकट आली, खऱ्या पैशांचंही होतं, आणि लोकांना राक्षस मारण्यापेक्षा लिलावात वस्तू घेणं स्वस्त आणि पटकन पडायला लागलं. पडलेली वस्तू आपल्या कामाची नसणार हे जवळजवळ गृहीतच. शेवटी मार्च २०१४ मध्ये ते ऑक्शन हाऊस बंद केलं, आणि त्याच सुमाराला लूट अशी बदलली की तुम्ही जो क्लास (पात्राचा प्रकार) खेळता त्याच्या उपयोगाचं जास्त पडेल. हे दोन्ही बरोबर येणं योगायोग नाही. बाजार बंद केला तर ड्रॉप उदार करावे लागतात, कारण नको असलेली वस्तू देऊन हवी ती घ्यायचा रस्ता बंद होतो.

दुसरी बाजू पण आहे. रूनस्केपमध्ये दुर्मिळ वस्तू विकता येणं हाच अर्ध्या गेमचा प्राण आहे, तिथे काहीच न पडलेल्या माणसाला दुसरी वाट असते, दुसरीकडे कमावतो आणि विकत घेतो. म्हणजे बाजार हीच त्यांची पिटी. आणि तिथेच काही लोक मुद्दाम आयर्नमॅन मोड घेऊन बाजार स्वतःवर बंद करून खेळतात, त्यांना तोच रेट कितीतरी जास्त बोचतो.

आपल्याकडे खेळाडू कमी असणार आहेत. कमी लोकांत बाजार नीट चालत नाही, दोन-चार जण मिळून भाव ठरवतात. भाला बांधलेला राहील, ज्याला पडला त्याचा. तीन भाग केले असते तर भाग तरी विकता येऊ द्या असा सर्व्हरवाल्याचा प्रस्ताव होता, पण आता भागच नाहीत त्यामुळे प्रश्न निकाली.

१ जुलै

किती अवघड, हा प्रश्न किती ताकदवान या प्रश्नाला बांधलेला आहे आणि आम्ही महिनाभर दुसऱ्याबद्दल बोललोच नाही.

डेस्टिनी, २०१४. ग्यालारहॉर्न नावाचा रॉकेट लाँचर. निव्वळ नशिबाने पडायचा, आणि इतका जबरी होता की रेडला ग्रुप जमवणारे लोक अटच टाकायचे, ग्यालारहॉर्न असेल तरच या. गेम आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात झूर नावाच्या फिरत्या विक्रेत्याने तो १७ स्ट्रेंज कॉइन्सना विकला होता, पण तेव्हा कुणाला त्याची किंमत कळली नव्हती, आणि पुन्हा विकायला आला तो थेट ऑगस्ट २०१५ ला. मधल्या जवळजवळ वर्षभरात ज्याला पडला नाही तो चांगला खेळत असला तरी दाराबाहेर. नशिबाने मिळणारी वस्तू आणि ती नसेल तर खेळूच देत नाहीत, हे दोन एकत्र आले की वाट लागते. यातलं कुठलंही एक चालतं. दुर्मिळ असेल तर शोभेचं किंवा वेगळ्या पद्धतीने खेळायला लावणारं ठेवा, गरजेचं असेल तर खात्रीने मिळू द्या.

गरजेचं आणि सगळ्यांना, याचं टोक वॉरक्राफ्टच्या २०१६ च्या लीजन या एक्स्पान्शनमध्ये (गेममध्ये घातलेल्या मोठ्या भरीत) होतं. अ‍ॅशब्रिंगर, जी तलवार लोकांनी वर्षानुवर्षं कथेत ऐकली होती, ती रेट्रिब्युशन पॅलाडिन हा क्लास खेळणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीलाच. खेळायला मस्त, कारण अख्खा एक्स्पान्शन तेच हत्यार वाढवत न्यायचं. पण शहरात उभं राहिलं की चारी बाजूंना तीच तलवार, आणि कथा सांगते जगात ती एकच आहे. हसू यायचं.

आपला भाला डॅमेजमध्ये दुकानातल्या चांगल्या भाल्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त पुढे असणार नाही, हे आज नक्की केलं. पण फेकल्यावर तो परत हातात येतो आणि येताना मधल्या सगळ्यांना लागतो. म्हणजे असेल तर खेळायची पद्धत बदलते, नसेल तर काही अडत नाही. पीव्हीपीत (खेळाडू विरुद्ध खेळाडू लढाईत) हे कितपत चालेल शंका आहे, तिथे परत येताना अर्धाच डॅमेज ठेवलाय.

५ जुलै

रँडम नंबर काढायचा कोड तपासायला घेतला. कारण २०२४ च्या शेवटी डेस्टिनी २ मध्ये जे झालं ते वाचून झोप उडाली होती. हत्यारांवर पर्क (जास्तीचे गुण) येतात त्यातल्या काही जोड्या फारच कमी येतायत असं खेळाडूंना वाटायला लागलं. बंजीने, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीने, सांगितलं की आम्ही कुठल्याही पर्कला कमी-जास्त वजन दिलेलं नाही, आणि ते खरं पण होतं. पण खेळाडूंनी ढीगभर रोल्सचा (दर वेळी नशिबाने काय आलं त्याचा) डेटा जमवून दाखवला की यादीत एकमेकांपासून ठराविक अंतरावर असलेल्या पर्कच्या जोड्या खरोखर कमी येतात, आणि मग कंपनीने मान्य केलं की गडबड रँडम काढणाऱ्या कोडमध्ये आहे. म्हणजे टेबलात जे लिहिलंय आणि हातात जे पडतंय ते वेगळं असू शकतं, आणि ते बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. नशिबाला शिव्या देणारा खेळाडू दर वेळी रडतच असतो असं नाही, हे आपल्याला लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडे काय केलंय: लूटचा रोल पूर्ण सर्व्हरवर, लढाईच्या रोल्सपासून वेगळा जनरेटर, आणि प्रत्येक रोल लॉगमध्ये, किती प्रयत्न झाले होते, किती चान्स होता, काय आलं. आठवड्याला एक स्क्रिप्ट हा लॉग वाचून अपेक्षित आकड्यांशी ताडून बघणार. जागा खातो लॉग, पण खाऊ दे.

१३ जुलै

बाहेरच्या टेस्टर्सबरोबर पहिला आठवडा, रेट मुद्दाम दहापट करून. आकड्यांपेक्षा बोलणी जास्त उपयोगाची निघाली. तडे लोकांना कळतात, सांगावं लागलं नाही. एकाला लगेच पडला तर त्याने बॉसकडे जाणंच बंद केलं आणि मग म्हणाला आता काय करू. हे अपेक्षित होतं पण प्रत्यक्ष ऐकताना टोचलं, कारण चौथ्या इलाक्यात त्याच्याशिवाय करण्यासारखं फारसं काही नाहीच सध्या. भाल्याच्या रेटने तो प्रश्न सुटणार नाही, इलाक्यात अजून काहीतरी घालावं लागेल.

तक्रार मात्र सगळ्यांची एकच आणि ती रेटची नव्हतीच. बॉस तीन-चारदा मारला की सोपा होतो. मग पुढच्या फेऱ्या म्हणजे झोपेत हात चालवणं. म्हणजे चारही खर्चांपैकी आपण नुसते वेळ आणि नशीब हेच वसूल करतोय, कसब कुठेच नाही.

१९ जुलै

कसबाचा भाग असा जोडलाय. बॉसला चार अटी, ऐच्छिक. एकही माणूस पडू न देणं, त्याचा मोठा वार प्रत्येक वेळी कुठल्यातरी भाल्यानेच अडवणं, बाजूचे खांब शाबूत ठेवणं, आणि ठराविक वेळेत मारणं. एकेक अट पाळली की तो प्रयत्न जास्तीचा मोजला जाणार, म्हणजे चारही पाळल्या तर एका फेरीचे पाच प्रयत्न. रोल एकच होणार, फक्त मोजणी पाचने पुढे सरकणार. हाताने चांगला असलेला ग्रुप २० फेऱ्यांत शंभरी गाठतो आणि तिथून पुढे चान्स भराभर चढतो. ज्याला जमत नाही तो नेहमीसारखा खेळतो आणि त्यालाही मिळतो, उशिरा. सरळ अल्टिमेटसारखी भिंत उभी करायचा विचार होता पण नेटचा पिंग खराब असलेला माणूस किंवा ज्याचे हात तेवढे वेगात चालत नाहीत तो कायमचा बाहेर राहतो, ते नको वाटलं.

आणि सर्व्हरवाल्याच्या हजारात एकासाठी वेगळी सोय: चारही अटी एकट्याने पाळून मारला तर त्याच भाल्याला काळं पातं. डॅमेज तेवढाच. हे नशिबाने मिळत नाही, विकत मिळत नाही, आणि सर्व्हर कितीही जुना झाला तरी आपोआप कॉमन होत नाही, कारण मोठा वार अडवायला मिळणारा वेळ एकट्याला फार कमी आहे. (नवीन हत्यारं येऊन बॉस सोपा झाला तर? या लढाईत लेव्हल आणि गिअर (हत्यारं-चिलखत) दोन्ही खाली ओढून ठेवणार, ते कोड आहे आधीच.)

२४ जुलै

बीटासाठी (लोकांना खेळायला द्यायच्या चाचणी आवृत्तीसाठी) आकडे लॉक केले. सपाट ०.७ टक्के १०० पर्यंत, पुढे ०.०५ ची वाढ, अटींमुळे मोजणी पाचपर्यंत, मोजणी अकाउंटला जोडलेली आहे, कॅरेक्टरला नाही, आणि भाला मिळाला की शून्य. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा रोल वेगळा, वाटणीचा प्रश्नच नको.

एका गोष्टीवर एकमत नाही, ती म्हणजे १०० चा उंबरठा. आर्टवालीचं म्हणणं अटी न पाळता खेळणाऱ्याला २० तास सपाट चान्सवर ठेवणं म्हणजे नमनालाच घडाभर तेल, ७० करा. सर्व्हरवाला म्हणतो १०० ला हात लावायचा नाही. बीटात लॉगवरून कळेल, ६० ते १०० च्या मध्ये असलेले लोक बाकीच्यांपेक्षा जास्त प्रमाणात बॉसकडे यायचे थांबत असतील तर उंबरठा ७० वर आणायचा आणि सुरुवातीचा चान्स ०.६ करायचा. तेवढे दोन्ही आकडे कॉन्फिग फाइलमध्ये काढून ठेवलेत, म्हणजे त्यासाठी नवीन बिल्ड लागणार नाही.